प्रकल्प नोंदी: ग्रहांच्या बरण्या

७ डिसेंबर २०२५

सईच्या शाळेत जानेवारीच्या शेवटी विज्ञान प्रदर्शन आहे. नववीला सूर्यमाला विषय आलाय, आणि निम्म्या पोरांनी आत्ताच थर्माकोलचे गोळे रंगवायला घेतलेत. ती म्हणे मामा, तुझ्या दुकानात एवढे काटे धूळ खात पडलेत, त्यातला एक दे, कुठल्या ग्रहावर आपलं वजन किती भरेल ते दाखवू. आमचं दुकान वजनकाटे दुरुस्तीचं, साताऱ्यात राजवाड्याजवळ, आजोबांनी सुरू केलेलं, त्यामुळं काट्याचं नाव निघालं की मला नाही म्हणता येत नाही. ठरलं असं की काम दोघांनी करायचं, चार्ट तिनं काढायचे, नोंदी मी ठेवायच्या.

धान्याच्या दुकानातनं बदलून आलेला १०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा आहे, बोर्ड जळलेलं पण लोडसेल ठणठणीत. लोडसेल म्हणजे धातूचा एक ठोकळा, वर वजन पडलं की डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, त्याला चिकटवलेल्या पट्ट्यांचा विद्युतरोध किंचित बदलतो, आणि तो बदल मोजून आकडा दाखवायचा. जळकं बोर्ड काढून आर्डुइनो (प्रोग्राम टाकता येणारं छोटं बोर्ड) आणि एचएक्स७११ (लोडसेलचा बारीक सिग्नल वाढवून आकड्यात बदलणारी चिप) लावणार, शेजारी रोटरी स्विच, स्विचच्या प्रत्येक घराला एक ग्रह. दोन संध्याकाळींचं काम आहे.

१० डिसेंबर

काटा चालला. स्विच मंगळावर ठेवला की सईचं ४२ किलो वजन १६ दाखवतो, चंद्रावर ७, गुरूवर १०६. मी खूश. सई मात्र चार वेळा चढली उतरली आणि म्हणाली, "मामा, हा तर कॅल्क्युलेटर झाला की. आकडा बदलला, मला तर कुठंच जड वाटलं नाही."

बाबा गल्ल्यावर बसले होते, ते हसायलाच लागले. मग उठून आजोबांची पितळी तागडी खुंटीवरनं काढली आणि म्हणाले ही ने तुझ्या गुरूवर, किलोला किलोच दाखवंल. आता हे शंभर टक्के खरं आहे, कारण तागडीत दोन्ही पारड्यांत वस्तूच असतात, ओढ वाढली तर दोन्हीकडं सारखीच वाढते, आणि म्हणून तागडी वस्तूत माल किती आहे ते सांगते, तिला ओढीशी देणंघेणं नाही. स्प्रिंगकाटा आणि लोडसेल मात्र ओढच मोजतात. मालाचा आकडा ते मागनं गणित करून दाखवतात, आणि ते गणित ज्या गावात काटा सेट केला त्या गावापुरतंच खरं असतं.

हे आमच्या धंद्यात रोजचं आहे, फक्त ग्रह एकच असतो. दिल्लीत जी म्हणजे गुरुत्व त्वरण साधारण ९.७९१, आपल्या साताऱ्यात ९.७८३ च्या आसपास. त्यामुळं दिल्लीत सेट केलेला काटा तसाच इथं आणून लावला तर किलोमागं पाऊण ते एक ग्रॅम कमी दाखवणार. किराण्याला कोण विचारतंय, पण सोनाराला विचारा. म्हणून काटा जिथं वापरायचा तिथंच प्रमाण वजन ठेवून सेट करायचा आणि मग शिक्का. गिऱ्हाईक म्हणतं कंपनीतनंच सेट होऊन आलाय की, परत कशाला पैसे. अशाला हे सगळं सांगत बसायला वेळ नसतो, नुसतं म्हणायचं हवामानामुळं लागतं. (सईला हे सांगितलं तर म्हणाली तू खोटं सांगतोस. सांगतो.)

१४ डिसेंबर

सईचा मुद्दा मान्य करून प्लॅन बदलला. आता बरण्या करायच्या. पृथ्वीवरची एक किलोची वस्तू त्या त्या ग्रहावर हाताला जेवढी जड लागेल तेवढं वजन प्रत्येक बरणीत भरायचं, बरण्या सगळ्या एकसारख्या, बाहेरनं रंगवलेल्या, आतलं काही दिसायचं नाही. येणाऱ्यानं उचलून ओळखायचं. पृथ्वीच्या बरणीला किलो कंदी पेढे असं नाव द्यायचं हे सईनं ठरवलं, साताऱ्यात दुसरं काय देणार.

आज आकडे काढले. सूत्र नववीच्या पुस्तकातलंच, ग्रहाच्या वस्तुमानाला त्रिज्येच्या वर्गानं भागायचं. पृथ्वीला एक धरलं की तो मोठा गुरुत्व स्थिरांक पण लागत नाही, नुसते पटीतले आकडे घेतले की झालं. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट, त्रिज्या ११.२१ पट, म्हणजे ३१८ भागिले १२५.७, आलं २.५३. इथंच सई थांबली. तिच्या डोक्यात गुरूवर माणूस चिरडूनच जाईल असं होतं, आणि उत्तर आलं अडीच पट. एवढा अजस्र ग्रह आणि अडीच पट?

शनी तर त्याहून भारी निघाला. वस्तुमान ९५.२ पट, त्रिज्या ९.४५ पट, तिचा वर्ग ८९.३, भागाकार १.०७. म्हणजे पंच्याण्णव पृथ्वी एकत्र केल्या तरी वरच्या थरात किलोमागं सत्तर ग्रॅमच वाढले. युरेनस साडेचौदा पट वजनदार आणि तिथं ओढ पृथ्वीपेक्षा कमी, ०.९०५. नेपच्यून १.१४. शुक्र ०.९०५.

शुक्र आणि युरेनस यांचा आकडा तिसऱ्या घरापर्यंत सारखा बघून मी परत गणित केलं. बरोबर आहे, दोन्हीकडं ८.८७ मीटर प्रति सेकंद वर्ग. एक खडकाचा, पृथ्वीएवढा, भट्टीसारखा तापलेला, दुसरा चौपट रुंद, वायूचा आणि बर्फाळ, सूर्यापासनं कुठच्या कुठं, आणि वजनकाट्याला दोघांत फरक कळणार नाही.

अशी दुसरी जोडी बुध आणि मंगळ, ३.७० आणि ३.७१. मंगळात माल बुधाच्या जवळजवळ दुप्पट, १.९४ पट, पण मंगळाची त्रिज्या १.३९ पट, तिचा वर्ग १.९३. फायदा तोटा फिटला. बुध छोटा असून मंगळाची बरोबरी करतो कारण त्याच्या पोटात लोखंडाचा गाभा प्रचंड मोठा, त्रिज्येच्या साधारण ८५ टक्क्यांपर्यंत गाभाच. घनता पाण्याच्या ५.४३ पट, मंगळाची ३.९३.

बाबांचं म्हणणं असं की मग मोठा लहान बघायचंच नाही, घट्ट किती आणि रुंद किती हे बघायचं. अगदी तसंच आहे, वस्तुमानाच्या जागी घनता गुणिले त्रिज्येचा घन टाकला की त्रिज्येचे दोन घात उडतात आणि उरतं घनता गुणिले त्रिज्या. शनी नऊपट रुंद पण घनता पृथ्वीच्या एक अष्टमांश. झालं बरोबरीत.

१७ डिसेंबर

मोती चौकातनं दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बरण्या आणल्या, फरसाणवाले वापरतात त्या. झाकणासकट ७२ ग्रॅम भरते एक. चंद्राला १६५ ग्रॅम लागतात म्हणजे जमतंय, पण प्लूटोला एकूण ६३ ग्रॅमच पाहिजेत, तिथं रिकामी बरणीच जास्त भरते. प्लूटो ग्रह राहिला नाही ते २००६ लाच, आपल्यालाही तो आधी काढावा लागला.

सगळ्या बरण्या एकाच मापाच्या घेण्यावर मी अडून बसलो. सईला गुरूची मोठी आणि बुधाची छोटी पाहिजे होती, दिसायला बरं म्हणून. पण मोठी आणि छोटी वस्तू एकाच वजनाच्या असल्या तर हाताला मोठी हलकी लागते, हा मेंदूचा घोटाळा आहे आणि खरं वजन माहीत असलं तरी जात नाही. १८९१ साली शार्पांतिए नावाच्या फ्रेंच माणसानं तो मोजून दाखवला होता. दुकानात पण बघतो ना, लोक कापसाचं पोतं उचलताना हसतात आणि छऱ्याची पिशवी उचलताना शिव्या देतात.

२१ डिसेंबर

आज वाळू. चाळली, गच्चीवर उन्हात पसरून वाळवली, कारण ओली भरली तर पाणी उडून महिन्याभरात आकडा हलेल. गुरूला २ किलो ५३० ग्रॅम, बरणीत मावली. हलक्या बरण्यांत वाळू खुळखुळते आणि पोरं आवाजावरनंच ओळखतात, म्हणून वरनं फोमचे तुकडे दाबून बसवले, फोमचं वजन पण धरलंय. सगळं ज्वेलरीच्या काट्यावर, ग्रॅमपर्यंत. बुध ३७८, मंगळ ३७९. एवढा एका ग्रॅमचा फरक ठेवायची काय गरज आहे असं बहीण म्हणाली. गरज काहीच नाही, पण आमचा धंदाच तो आहे.

शनीपाशी अडलं. एका ठिकाणी शनीचा आकडा १०.४४ दिलाय आणि दुसऱ्या ठिकाणी ९.०. गुरूचे पण दोन, २४.८ आणि २३.१. साधं चुकीचं छापलंय म्हणावं तर दोन्ही चांगल्या ठिकाणचे आकडे. रात्री बसून बघतो.

२२ डिसेंबर

सापडलं, आणि आत्तापर्यंत या सगळ्या प्रकल्पात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

फरक पडतो फिरण्यामुळं. गुरूचा दिवस ९ तास ५५ मिनिटांचा, आणि एवढं मोठं धूड त्या वेगानं गरगरतंय, त्यामुळं विषुववृत्तावर २.२ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी ओढ फिरण्यातच खर्च होते. २४.८ तनं २.२ गेले. मग फिरून फिरून ग्रह पोटाशी फुगलेला असतो, त्या फुगलेल्या मालाची ओढ परत थोडी, ०.५ च्या आसपास, वाढवते, आणि येतं २३.१. दोन्ही आकडे खरे, एकात फिरणं धरलंय, दुसऱ्यात नाही.

शनीचा दिवस १० तास ३३ मिनिटं, आणि तो इतका चपटा झालाय की विषुववृत्ताशी त्रिज्या ६०,२६८ किलोमीटर आणि ध्रुवाशी ५४,३६४. सहा हजार किलोमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एक पृथ्वीची त्रिज्याच. त्यामुळं विषुववृत्तावर ओढ ९.० आणि ध्रुवावर १२ च्या वर. किलोची वस्तू मध्यावर ९१५ ग्रॅमसारखी, ध्रुवावर सव्वा किलोसारखी. म्हणजे शनीवर वजन पृथ्वीपेक्षा कमी का जास्त असं कोणी विचारलं तर उलट विचारायचं, शनीवर कुठं?

आपल्याकडं पण हे आहे, विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवावर ९.८३२, पण अर्धा टक्काच, हाताला काय कळणार. १६७२ साली ज्याँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलवाला पॅरिसचं लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, विषुववृत्ताजवळ, तर ते घड्याळ रोज दोन मिनिटांहून जास्त मागं पडायला लागलं. शेवटी लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरनं आखूड करावा लागला. पृथ्वी पोटाशी फुगलेली आहे या न्यूटनच्या म्हणण्याला तो एक मोठा पुरावा झाला.

ठरलं, शनीच्या दोन बरण्या. ध्रुव आणि मध्य. बाकीच्यांना फिरणं न धरलेला आकडा, आणि चार्टवर तसं स्पष्ट लिहायचं.

आईला शनीच्या दोन बरण्या करतोय म्हणून सांगितलं तर ती म्हणाली एकच पुरे आहे, एक सुद्धा घरात नको. तिला सांगितलं की शनीची घनता ०.६९, पाण्यापेक्षा हलका, सगळ्या ग्रहांत हलका तोच. तिच्या चेहऱ्यावरनं वाटलं नाही की तिला पटलं. साडेसाती काढलेल्या माणसाला घनता काय सांगायची.

२८ डिसेंबर

दुकानाच्या मागच्या जिन्यात लंबक लावला. वरच्या तुळईला खिळा, बारीक स्टीलची तार, खाली पितळी किलोचं वजन, खिळ्यापासनं वजनाच्या मध्यापर्यंत अडीच मीटर. दोरा मुद्दाम नाही घेतला, दोरा ताणतो. छोटासाच झोका द्यायचा, हातभर नाही, नाहीतर सूत्र बिघडतं. १०० आंदोलनांना ५ मिनिटं १७.९ सेकंद. लांबीला ३९.४८ नं (म्हणजे चार गुणिले पायचा वर्ग) गुणून एका आंदोलनाच्या वेळेच्या वर्गानं भागलं, ९.७७ आलं. अक्षांश आणि उंचीवरनं येणारा आकडा ९.७८. तारेच्या लांबीत चार मिलिमीटरची गडबड असली तरी एवढा फरक पडतो, आणि खिळा, गाठ, वजनाचा मध्य हे धरून मी चार मिलिमीटरची शपथ घेणार नाही.

सईनं लगेच विचारलं अजिंक्यताऱ्यावर जाऊन केलं तर. किल्ला गावापेक्षा तीनेकशे मीटर उंच, तेवढ्यानं किलोमागं एक दशांश ग्रॅमसुद्धा पडत नाही, आपल्या तारेला आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचला ते दिसणं शक्य नाही. तरी ती म्हणाली जाऊ. ते फिरायला जायचं निमित्त आहे, समजतं मला.

हाच लंबक चंद्रावर नेला तर एका आंदोलनाला ७.८ सेकंद घेईल, मंगळावर ५.२, गुरूवर बरोबर दोनच्या आसपास. इथं ३.१८. चार्टसाठी सईला हे लई आवडलं, ती मोबाइलवर चार लंबक एकाच वेळी हलताना दाखवणारी ॲनिमेशन करतीय.

४ जानेवारी २०२६

गेले चार दिवस साहित्य संमेलनामुळं गाव भरून गेलं होतं, काम बाजूला. आज परत.

सईच्या वर्गातल्या एका पोरानं तिला विचारलं, की गुरूवर तर कोणी गेलंच नाही, मग २४.८ कोणी मोजलं? तिनं मला विचारलं. मी म्हणलं चंद्रांवरनं. ती म्हणाली दाखव.

आता दाखव म्हणल्यावर काय करणार. शाहूपुरीत एक निवृत्त सर राहतात, त्यांच्याकडं सहा इंची परावर्तक दुर्बीण आहे, त्यांना फोन केला. ते म्हणाले उत्तम वेळ आहे, १० जानेवारीला गुरूची प्रतियुती, म्हणजे सूर्य मावळला की गुरू उगवतो आणि रात्रभर दिसतो, मिथुन राशीत. आकाश पण स्वच्छ. या म्हणाले, स्वेटर घालून या.

११ जानेवारी

काल आणि आधी काही रात्री सरांच्या गच्चीवर. यवतेश्वरच्या बाजूनं गार वारं, दातावर दात. दुर्बिणीला मोबाइल लावून फोटो काढायचे, प्रत्येक वेळी दोन, एक गुरूची चकती नीट दिसेल असा कमी प्रकाशाचा, दुसरा चंद्र दिसतील असा जास्त प्रकाशाचा. जास्त प्रकाशात चकती सुजते आणि सगळं माप बिघडतं, हे सरांनी आधीच सांगितलेलं.

पद्धत अशी. गॅनिमीड हा गुरूचा सगळ्यात मोठा चंद्र, तो गुरूपासनं जास्तीत जास्त किती लांब जातो ते गुरूच्या त्रिज्येत मोजायचं, फोटोवर पट्टी लावून. आणि एका फेरीला किती वेळ, ७ दिवस ३ तास ४३ मिनिटं. ही वेळ आम्ही तयार घेतली, नीट काढायची तर बरेच आठवडे बसावं लागतं. अंतर गुणोत्तराचा घन, गुणिले ३९.४८, गुणिले गुरूची त्रिज्या, भागिले वेळेचा वर्ग. वेळ सेकंदात. संपलं. गुरूचं वस्तुमान लागत नाही, गुरुत्व स्थिरांक लागत नाही, यान पाठवायला लागत नाही.

आमचं गुणोत्तर साडेचौदा ते पंधराच्या मध्ये कुठंतरी. पंधरा धरलं तर जी येतो २४.९, साडेचौदा धरलं तर २२.५. घन असल्यामुळं पट्टीवरची दोन टक्क्यांची हलगर्जी उत्तरात सहा टक्के होऊन बाहेर येते. खरं गुणोत्तर १४.९७. सरांचं म्हणणं मोबाइलनं एवढं आलं म्हणजे पुरे झालं, आणि मलाही तसंच वाटतं. कोणीही न गेलेल्या जागेचं वजन साताऱ्याच्या गच्चीवरनं, पट्टीनं.

त्रिज्या कुठनं आली हे सईनं विचारलंच. काल गुरू पृथ्वीपासनं सुमारे ६३ कोटी किलोमीटरवर होता, चकती ४६.६ विकलांची (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग), त्यावरनं व्यास १ लाख ४३ हजार किलोमीटर. मग ६३ कोटी कुठनं? म्हणलं आता खाली चला, थंडी वाजतीय.

येताना गाडीवर तिनं अजून एक काढलं, बुध आणि शुक्राला चंद्रच नाहीत, त्यांचं काय. तिथं यान जवळनं गेलं की त्याची वाट किती वाकली आणि वेग किती बदलला ते रेडिओवरनं मोजतात, म्हणजे यान हाच तेवढ्यापुरता चंद्र. मरिनर १० हे १९७४ आणि ७५ मध्ये तीनदा बुधाजवळनं गेलं, तेव्हा कुठं बुधाचं वजन नीट कळलं, आणि मग मेसेंजर २०११ ते २०१५ त्याच्याभोवती फिरत होतं. मंगळाचं काम मात्र १८७७ लाच झालं, असफ हॉल या अमेरिकन खगोलवाल्याला मंगळाचे दोन चंद्र, फोबोस आणि डिमोस, सापडले त्या वर्षी.

१८ जानेवारी

घरात हळदीकुंकू होतं. बायका आल्या होत्या, बहिणीनं तिळगूळ आणि वाण दिल्यावर प्रत्येकीला बरण्या उचलायला लावल्या. बरण्यांवर नावं नव्हती, नुसती अक्षरं. गुरू सगळ्यांनी ओळखला, चंद्र पण. बुध मंगळ वेगळे आहेत असं कोणालाच वाटलं नाही, ते बरोबरच. पण मधल्या सहा, म्हणजे शुक्र, युरेनस, शनी मध्य, पृथ्वी, नेपच्यून, शनी ध्रुव, यांचा क्रम लावताना सगळ्या गोंधळल्या. अपवाद मंडईत भाजी विकणाऱ्या मावशींचा. त्यांनी नेपच्यून आणि पृथ्वी पटकन वेगळे केले, १४० ग्रॅमचा फरक, म्हणाल्या ह्यात अर्धपाव जास्त हाय. शुक्र आणि युरेनसची बरणी दोन्ही हातात धरून म्हणाल्या एकच हाय की, फसवताय व्हय. बाबांनी त्यांना जागेवर नोकरी ऑफर केली.

एका आजींनी विचारलं चंद्रावर गेलं तर गुडघं दुखायचं थांबेल का. गुडघ्यावरचा भार सहावा हिस्सा होईल हे खरं. पण अंतराळ स्थानकात राहून आलेल्यांची हाडं वजन नसल्यामुळं ठिसूळ होतात, महिन्याला टक्का दीड टक्का कंबरेच्या हाडातनं जातो, आणि चंद्रावर सगळ्यात जास्त कोण राहिलं तर १९७२ डिसेंबरमध्ये अपोलो १७ चे दोघं, तीन दिवस. तेवढ्यात गुडघ्याचं काय कळणार. आजी म्हणाल्या तीन दिवस तर तीन दिवस.

२५ जानेवारी

सूर्य करायचा हट्ट सईच्या मित्रांचा. सूर्याच्या पृष्ठभागावर २७४, म्हणजे २८ पट, म्हणजे पेढ्यांच्या किलोला २८ किलो. बरणीत शक्य नाही, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून शिवली आणि वर पाटी, "सूर्य, उचलू नये". ही पाटी लावली म्हणजे नववी दहावीची झाडून सगळी पोरं उचलणार, ते धरूनच टेबलाऐवजी जमिनीवर ठेवायची.

चार्ट झाले. "पृष्ठभाग" ह्यावरनं सईची आणि माझी तासभर बाचाबाची. गुरू शनीला जमीनच नाही, मग पृष्ठभाग कसला. ठरवून घेतलेली गोष्ट आहे, ज्या पातळीला वायूचा दाब एक बार, म्हणजे आपल्या समुद्रसपाटीच्या हवेएवढा, तिला पृष्ठभाग म्हणायचं. चार्टच्या खाली मोठ्या अक्षरात तसं टाकलं.

३१ जानेवारी

दोन दिवसांचं प्रदर्शन संपलं. गर्दी बरण्यांपाशी, प्लॅटफॉर्म काट्यापाशी फक्त शिक्षक, आणि ते पण गुपचूप चंद्रावर स्विच ठेवून.

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, गुरूवर उभं कुठं राहायचं. दुसरा, प्लूटो कुठाय. एका उसवाल्या काकांनी तागडी बघून मस्त विचारलं, की मग मंगळावर उसाला भाव तागडीनं देणार का काट्यानं. म्हणलं काका, तागडीनंच घ्या, नाहीतर टनाला ३७९ किलोचे पैसे हातात येतील. ते म्हणाले इथं तरी काय वेगळं होतंय. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बोलायला लागले ते अर्धा तास हलले नाहीत, सईला पुढच्यांना समजावता येईना.

छोट्या पोरांना चांद्रयानाचं उदाहरण लगेच कळलं. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरलं, त्यातनं प्रज्ञान बाहेर आलं, २६ किलोचं, तिथं ते इथल्या सव्वाचार किलोसारखं. एकीनं विचारलं मग प्रज्ञान हळू का चालत होतं, हलकं झालं तर पळायला पाहिजे. चांगला प्रश्न. हलकं झालं म्हणजे चाकाची पकड पण कमी होते, आणि थांबवायला ढकलायला माल २६ किलोचाच राहतो. त्या पोरीला घेऊन जाऊन तागडी परत दाखवली.

सूर्याची गोणी पहिल्याच दिवशी एका बाजूनं उसवली. शिवणाऱ्या दाभणानं परत टाके घातले.

निकालात दुसरा नंबर. पहिला पाण्याच्या रिसायकलिंगच्या मॉडेलला, ते खरंच चांगलं होतं, मोटर चालत होती.

५ फेब्रुवारी

शाळेनं बरण्या प्रयोगशाळेत ठेवून घेतल्या, तागडी मी परत आणली. सईला आता टायटनची बरणी पाहिजे. शनीचा हा चंद्र आपल्या चंद्राच्या दीडपट रुंद, त्रिज्या २५७५ विरुद्ध १७३७ किलोमीटर, आणि तरी तिथं ओढ आपल्या चंद्रापेक्षा कमी, १.३५ विरुद्ध १.६२. कारण टायटन निम्मा बर्फ, घनता १.८८, आपल्या चंद्राची ३.३४. वर हवा मात्र पृथ्वीच्या दीडपट दाबाची, म्हणजे हाताला पंख बांधून माणूस उडू शकेल असा एकमेव पत्ता तोच असावा.

बरणीसकट १३८ ग्रॅम भरायचे. ७२ बरणीचे गेले, राहिले ६६. वाळू शिल्लक आहे, फोम आणायचा.